हलके वाद्य आणि उच्च अभिरुची

गेल्या श्रावणात आमच्या जुन्या घराची आवराआवर चालली होती. माळ्यावरील एका पत्र्याच्या ट्रंकेत, वाळवी लागलेली पंचांगे आणि फुटक्या चिमण्यांचे कंदील यांच्या सोबतीला, एक बुलबुलतरंग सापडला. हातभर लांबीची लाकडी पेटी, तिच्या पाठीवर टंकलेखनयंत्रासारख्या गोल कळांच्या ओळी, कळांखाली गंजलेल्या तारा व त्यांतील दोन तुटलेल्या, आणि एका कोपऱ्यात रंगाने काढलेले, आता जवळजवळ पुसून गेलेले गुलाबाचे फूल. हे वाद्य माझ्या वडीलबंधूंचे. साठ वर्षांपूर्वी नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेत, खाऊचे पैसे महिनोन्महिने साठवून, त्यांनी ते विकत घेतले होते. आणि घरी आणल्यावर आठ दिवसांच्या आत ते माळ्यावर गेले होते.

माळ्यावर ते ठेवले आमच्या वडिलांनी. वडील शाळेत शिक्षक होते व संगीताचे मोठे दर्दी होते. गाण्याची बैठक गावात कोठेही असो, ते पायी चालत जात व पहाटे परतत. त्यांनी दादावर राग केला नाही. राग केला असता तर एक वेळ बरे झाले असते, कारण रागाविरुद्ध मुलास बंड तरी करता येते. त्यांनी अत्यंत प्रेमाने सांगितले, "अरे, हे वाद्य नव्हे, खेळणे आहे. याने कान बिघडतो. चार पैसे जमले की तुला चांगली सतार घेऊन देतो, मग शीक." चार पैसे जमले नाहीत. बहिणींची लग्ने झाली, आजारपणे झाली, दादा लौकरच नोकरीस लागले. पुढे त्यांनी कोणतेच वाद्य हाती धरले नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. वडिलांनी तो निकाल दिला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो, आणि मोठ्या माणसांच्या पंक्तीस बसल्याच्या अभिमानाने मीही मान डोलावली होती.

हा घरगुती वृत्तांत वाचकांपुढे ठेवण्याचे कारण एवढेच की, त्यात एक नीतिविषयक प्रश्न दडलेला आहे व तो आमच्या एका घरापुरता नाही. उच्च कलेवरील प्रेमापोटी हलक्या कलेस दार बंद करणे योग्य आहे काय? जे उत्तम आहे ते परवडत नसेल, तर मध्यम वा कनिष्ठ घेऊन समाधान मानावे, की उत्तमाची वाट पाहत रिकाम्या हाताने बसावे? आणि ही वाट पाहावयास लावण्याचा अधिकार कोणास, किती? आमच्यासारख्या सुशिक्षित मध्यमवर्गीय कुटुंबांत हा प्रश्न नित्य निर्माण होतो. मुलाने कोणती पुस्तके वाचावी, कोणत्या शाळेत जावे, कोणते गाणे गुणगुणावे, या सर्व ठिकाणी 'हलके' हा शब्द आपण वापरतो. वजनाने कमी ते हलके आणि योग्यतेने कमी तेही हलके, असे दोन अर्थ आपल्या भाषेने एकाच शब्दात घातले आहेत. किमतीने कमी हा तिसरा अर्थ आपण त्यात हळूच मिसळून देतो, आणि मग तिन्ही अर्थ एकच आहेत असे समजून चालतो. प्रस्तुत प्रश्नातील पुष्कळसा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

प्रथम त्या वाद्याची कुळकथा पाहू. सन 1912 मध्ये जपानातील नागोया शहरी मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने 'ताइशोगोतो' हे वाद्य तयार केले. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवटीचा आरंभ झाला होता व 'कोतो' हे तेथील प्राचीन तंतुवाद्य. या दोहोंवरून नाव पडले. मोरिताने जपानी तंतुवाद्याची तार घेतली आणि तिच्यावर पाश्चात्य टंकलेखनयंत्राच्या कळा बसविल्या. कळ दाबली की खालची धातूची पट्टी तारेवर टेकते व ठरावीक सूर उमटतो. उजव्या हातातील नखीने तार छेडावयाची. पडद्यावर बोट नेमके कोठे ठेवावे हे शिकण्यात सतारियाची वर्षे जातात; येथे ती अडचणच उरली नाही. अल्प किमतीत, अल्प श्रमात, घरच्या घरी कोणासही चार सूर वाजविता यावे, हा त्या योजनेचा उघड हेतू होता. थोड्याच काळात व्यापाराच्या वाटेने हे वाद्य दूरवर पसरले. बलुचिस्तानात त्याचे 'बेंजू' झाले व तेथील कारागिरांनी त्यास मोठे रूप देऊन लोकसंगीतात मानाचे स्थान दिले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील 'तारब' गायनात ते शिरले. आपल्याकडे त्यास बुलबुलतरंग असे गोड नाव मिळाले आणि बाजारात व वादकांच्या तोंडी ते 'बँजो' झाले. अमेरिकेतील बँजो म्हणजे कातड्याने मढविलेले गोल वाद्य. त्याचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.

महाराष्ट्रात या वाद्याला खरी प्रतिष्ठा दिली ती गरिबांनी. मुंबईत, विशेषतः लालबाग-परळच्या गिरणगावात, ज्या 'बँजो पार्ट्या' उभ्या राहिल्या, त्यांनी त्यास विजेची जोड दिली. तारांखाली ध्वनिग्राहक बसविला, तो कर्ण्याला जोडला, आणि दिवाणखान्यातील नाजूक पेटी गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ढोलकी-ताशांवर मात करू लागली. कोळीगीत असो, लावणी असो वा चित्रपटातील गाणे असो, सर्वांची चाल वाहून नेणारे मुख्य वाद्य तेच. दिवसा हमाली, गिरणीकाम वा कारखान्याची पाळी करावयाची आणि सणाच्या दिवसांत सुपारी घेऊन रात्रभर वाजवावयाचे, असे हे वादक. 2016 साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला; रितेश देशमुख यांनी त्यात अशाच वादकाची भूमिका केली. त्यापूर्वी या वादकांची दखल घेण्याजोगे काही आहे असे सुशिक्षित समाजास फारसे वाटले नव्हते. छत्रपती संभाजीनगरातही, राजाबाजारच्या संस्थान गणपतीमागून विसर्जनाची मिरवणूक निघते तेव्हा वाटेवरच्या माड्यांतून पाहणारे आम्ही लोक ढोल-लेझीम कौतुकाने पाहतो. बँजोची गाडी आली म्हणजे मात्र खिडकी लावून घेतो.

असाच प्रकार समुद्रापलीकडेही झालेला आहे. विजेची गिटार प्रथम पुढे आली तेव्हा ती सामान्यांच्या आवाक्यातील वस्तू नव्हती. नॅथन डॅनियल नावाच्या अभियंत्याने 1947 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी प्रांती 'डॅनइलेक्ट्रो' ही कंपनी काढली व 1954 पासून स्वस्त गिटारी करण्यास आरंभ केला. उत्तम लाकडाऐवजी त्याने साध्या लाकडाच्या चौकटीवर हार्डबोर्डचे तक्ते ठोकले. ध्वनिग्राहकाची वेटोळी ठेवण्यास बायकांच्या ओठरंगाच्या, म्हणजे लिपस्टिकच्या, नळ्या वापरल्या. सिअर्स ही टपालाने माल पाठविणारी प्रचंड पेढी 'सिल्व्हरटोन' या नावाने त्या विकीत असे. 1962 च्या सुमारास तर अशी युक्ती निघाली की, गिटार ठेवण्याच्या पेटीतच ध्वनिवर्धक बसविलेला असे. पेटी उघडली की वाद्यवृंदाची निम्मी सामग्री हजर. खेडोपाड्यांतील हजारो मुलांचे ते पहिले वाद्य ठरले. सिअ‍ॅटल शहरातील जिमी हेंड्रिक्स या गरीब मुलाची पहिली विजेची गिटार चोरीस गेली, तेव्हा त्याच्या हाती जी दुसरी आली ती याच कंपनीची होती. पुढे त्याने त्या वाद्याची भाषाच बदलून टाकली हे सर्वश्रुत आहे. जिमी पेज या इंग्रज वादकास तर हवे ते वाद्य घेण्याची ऐपत होती. तरीही 'काश्मीर' नावाची आपली प्रसिद्ध रचना रंगमंचावर वाजविताना त्याने हार्डबोर्डची हीच गिटार गळ्यात अडकविली, कारण तिचा सूर त्यास तसाच हवा होता. आमच्या घरी बुलबुलतरंग माळ्यावर गेला त्याच सुमारास, 1967 मध्ये, या कंपनीने व्हिनी बेल या वादकाच्या साहाय्याने 'कोरल सितार' नावाची विजेची गिटार काढली. चपट्या घोडीमुळे तिच्या तारांतून जवारीसारखी झणत्कारी उमटे, आणि शेजारी तरफेच्या तेरा तारा होत्या. सतार शिकण्यास ज्यांना सवड नाही अशांना सतारीचा आभास देणारे ते यंत्र होते! वडील दादाला खऱ्या सतारीचे आश्वासन देत होते, आणि सातासमुद्रापार सतारीचीच स्वस्त नक्कल करून लोक आपली हौस भागवीत होते. 1969 मध्ये ती कंपनी बंद पडली. परंतु तिच्या जुन्या गिटारी आज संग्राहक शोधीत फिरतात, आणि त्या नमुन्यांचे नव्याने उत्पादनही झाले आहे.

या इतिहासावरून कोणी घाईने असे अनुमान काढील की, 'किमतीचा आणि कलेचा संबंधच नाही. प्रतिभावंतास काठीही पुरे.' मला ते मान्य नाही. हेंड्रिक्स एक झाला; त्याच गिटारी घेतलेल्या हजारो मुलांची आज कोणास नावेही ठाऊक नाहीत. प्रतिभावंताचे उदाहरण देऊन स्वस्त वाद्याचे समर्थन करणे म्हणजे लॉटरी लागलेल्या मनुष्याकडे बोट दाखवून तिकिटे विकण्यासारखे आहे. समर्थन करावयाचे तर ते त्या हजारांच्या नावाने केले पाहिजे. ज्यांच्या हातून कोणतीही अमर कृती घडली नाही, परंतु ज्यांच्या संध्याकाळी त्या वाद्याने भरल्या, त्यांच्या नावाने. दादाही त्यांतीलच एक झाले असते. ते मोठे वादक झाले असते असे मी मुळीच म्हणत नाही. त्या आठ दिवसांत त्यांनी एका आरतीची चाल अर्धीमुर्धी बसविली होती, एवढेच मला आठवते.

हलक्या वाद्याविरुद्ध पहिला आक्षेप असा की, ते अनुकरण आहे व अनुकरण हे असत्य आहे. या आक्षेपाचा विचार आमच्या शहरात राहून करणे सोपे जाते. येथील बीबीचा मकबरा हा ताजमहालाचे अनुकरण होय. दिलरस बानू बेगम 1657 मध्ये वारली व तिच्या स्मरणार्थ तो उभा राहिला. ताजमहालाच्या मुख्य शिल्पकाराचा, उस्ताद अहमद लाहौरीचा, पुत्र अताउल्ला हाच मकबऱ्याचा रचनाकार. संगमरवर घुमटास वापरला आणि भिंतींस कमरेइतक्या उंचीपर्यंत. वरचे सारे काम काळ्या दगडावर गुळगुळीत चुनेगच्ची. ताजमहालास सुमारे तीन कोटी वीस लक्ष रुपये लागले असे सांगतात. मकबऱ्याचा परंपरेने चालत आलेला आकडा 6,68,203 रुपये 7 आणे इतका आहे. येणारा प्रत्येक प्रवासी 'गरिबांचा ताज' असे म्हणून किंचित हसतो. परंतु ज्या शहरवासीयांनी पौर्णिमेच्या रात्री तो पाहिला आहे, त्यांस तो खोटा वाटत नाही. चुन्याने आपण संगमरवर आहोत असे शपथेवर कोठेही सांगितलेले नाही.

दुसरे उदाहरण हिमरूचे. सोन्यारुप्याच्या तारेचा किनखाब राजेरजवाड्यांसाठी. सुती ताणा व रेशमी बाणा घालून तशाच नक्षीचे जे स्वस्त वस्त्र येथील विणकर काढू लागले, ते हिमरू. 'हम-रू', म्हणजे त्याच्यासारखे दिसणारे, यावरून ते नाव पडले असे म्हणतात. नावातच अनुकरणाची कबुली आहे. आज त्याच हिमरूकडे उच्च कारागिरीचा नमुना म्हणून पाहिले जाते, आणि हातमागावर ते विणणारे मोजकेच उरले आहेत. यंत्रमागावर काढलेले कापड 'हातमागाचे हिमरू' म्हणून विकणारा दुकानदार मात्र असत्य बोलतो. दोहोंतील भेद स्पष्ट आहे. एक वस्तू दुसरीसारखी असणे हे असत्य नव्हे. एक वस्तू दुसरीच आहे असे सांगून विकणे हे असत्य होय. असत्य वस्तूत नसते, वस्तूविषयी केलेल्या विधानात असते. बुलबुलतरंगाने आपण सतार असल्याचा दावा कधी केला नाही. 'खेळणे' हे नाव त्यास आम्ही दिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व तो वडिलांचा आक्षेप होता: हलक्या वाद्याने कान बिघडतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. आपल्या संगीताचा प्राण दोन सुरांमधील प्रवासात आहे. मींड, गमक, श्रुतींचे सूक्ष्म भेद ही त्याची श्रीमंती. आणि कळ दाबून ठरावीक सूर काढणाऱ्या वाद्यास ती साधत नाही. बुलबुलतरंगावर सूर लांबवावयाचा तर नखीने भराभर तार छेडून तो धरून ठेवावा लागतो. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. हाच दोषारोप हार्मोनियमवरही झाला. ही पेटी युरोपातून आली. 1875 च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तीस भारतीय बैठकीस साजेसे हातभात्याचे रूप दिले. स्वस्त, टिकाऊ व शिकण्यास सोपी म्हणून ती मंदिरात, नाटकगृहात, दिवाणखान्यात सर्वत्र शिरली. 1940 मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती अंशतः उठावयास 1971 साल उजाडावे लागले. बंदी घालणारे लोक अरसिक नव्हते. त्यांचे कान आपल्याहून तयार होते. पेटीचे दोष त्यांनी जे दाखविले ते खरेच होते.

पण मग झाले काय? ज्या पेटीस नभोवाणीत मज्जाव होता, तिच्यावरच महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी सारेगम गिरविले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत पेटीवादक म्हणून गाजला, आणि 1911 च्या 'मानापमाना'स त्यांनी दिलेल्या चाली आजही गायिल्या जातात. आमच्या मराठवाड्याचे अप्पा जळगावकर यांनी थोर गायकांची साथ करून त्याच दोषयुक्त वाद्यातून असे सूर काढले की, 2000 साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा गौरव केला. पेटीचे दोष नाहीसे झाले काय? नाही. मींड तिच्यातून आजही निघत नाही. परंतु वादकांनी तिच्या मर्यादेत राहून, ती मर्यादा ऐकणाऱ्याच्या ध्यानात येऊ नये अशी वाट शोधली. आणि ज्यांना ती वाट सापडली नाही, त्यांचेही कान पेटीने बिघडविले असे म्हणण्यास पुरावा थोडा. उलट, पेटीवर भजन म्हणणाऱ्यांतूनच बैठकीचे श्रोते तयार झाले. वडिलांचा आक्षेप वाद्याच्या परीक्षणात बरोबर होता. मनुष्याच्या परीक्षणात चुकला. वाद्याची मर्यादा हीच ते वाजविणाऱ्याची मर्यादा, असे त्यांनी धरले.

याही पलीकडे जाऊन विचार केला तर, मराठी भाषिकांस तरी हा आक्षेप घेण्याचा अधिकार थोडाच आहे. आमच्या शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर पैठण आहे. तेथील एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावर प्राकृतात टीका लिहिली, तेव्हा काशीच्या पंडितांनी तिच्यावर आक्षेप घेतल्याची कथा परंपरेने प्रसिद्ध आहे. ती टीका 1573 मध्ये काशीतच पूर्ण झाली. संस्कृतातील सूक्ष्मता प्राकृतात उतरत नाही, प्राकृताने शास्त्राची प्रतिष्ठा जाते, हा तो आक्षेप. त्यातही तथ्याचा अंश होताच. परंतु ज्या भाषेतून आज आपण हा लेख लिहितो-वाचतो, ती भाषा त्या काळच्या विद्वानांच्या दृष्टीने हलके वाद्यच होती. एकनाथांनी भारुडे रचली तीही गल्लीबोळांतील लोकांच्या बोलीत. त्यांनी लोकांना 'आधी संस्कृत शिका, तोवर गप्प बसा' असे सांगितले असते, तर काय झाले असते याचा विचार प्रत्येकाने करावा.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. स्वस्ताईच्या नावाने चालणारे सर्वच काही क्षम्य नाही. जी स्वस्ताई करणाऱ्याच्या पोटास चिमटा घेऊन येते, ती स्वस्ताई नव्हे. तिची उरलेली किंमत दुसरा कोणी तरी भरीत असतो. जी वस्तू मुद्दाम लौकर मोडावी अशी बनविली जाते, ती गरिबास फसविते, कारण तो तीच वस्तू चार वेळा घेतो. मिरवणुकीतील कर्णकर्कश आवाजाचेही समर्थन मी करणार नाही. आमच्या गल्लीत आजारी माणसे आहेत, तान्ही मुले आहेत, परीक्षेस बसलेले विद्यार्थी आहेत. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम योग्य आहे व तो पाळला गेला पाहिजे. परंतु येथेही आरोप कोणावर ठेवावयाचा हे पाहणे अवश्य आहे. दोष आवाजाच्या मोठेपणाचा आहे, वाद्याच्या हलकेपणाचा नव्हे. श्रीमंताच्या लग्नात किमती यंत्रातून तितकाच गोंगाट होतो. तेव्हा आपण 'ध्वनिप्रदूषण' म्हणतो, अभिरुचीचा प्रश्न काढीत नाही. गोंगाटाविरुद्धच्या रास्त तक्रारीत आपण जातीचा, वस्तीचा, व्यवसायाचा तिटकारा मिसळून देतो व ते मिश्रण 'सुसंस्कृतपणा' या नावाने बाळगतो. हे मी दुसऱ्यास उद्देशून लिहीत नाही. खिडकी लावून घेणाऱ्यांत मी वर्षानुवर्षे होतो.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते खरा प्रश्न: ज्याला उत्तमाची जाण आहे, त्याचे कर्तव्य काय? त्याने सर्वच सारखे म्हणून मोकळे व्हावे काय? मुळीच नाही. सतार आणि बुलबुलतरंग यांत भेद नाही असे म्हणणारा दोहोंचाही अपमान करतो. उत्तम हे उत्तमच आहे, आणि ते ओळखणाऱ्याने तसे स्पष्ट सांगावे. परंतु सांगणे निराळे आणि हातातील वस्तू काढून घेणे निराळे. ज्याच्यापाशी देण्यास अधिक चांगले आहे, त्याने ते द्यावे; आणि ज्याच्यापाशी ते द्यावयास नाही, त्याने दुसऱ्याच्या हातातील थोडके हिरावून घेऊ नये. वडिलांनी त्या संध्याकाळी दादाला जवळ बसवून, 'हे बघ, यावर हा सूर निघतो. पण याच्यात आणि पुढच्यात एक जागा आहे, ती यात नाही. ती सतारीत असते,' असे दाखविले असते, तर त्यांची रसिकता दादाच्या कामी आली असती. कान त्याने तयारच झाला असता. त्याऐवजी त्यांच्या रसिकतेने केवळ निषेधाचे काम केले. उत्तमाचे वचन देऊन कनिष्ठ काढून घेतले, आणि उत्तम आले नाही. अशा व्यवहारात ऋणको कोण व धनको कोण हे उघड आहे; पण प्रेमाच्या व्यवहारात कोणी हिशेब मागत नाही, त्यामुळे ते ऋण तसेच राहून जाते.

वडिलांवर हा आरोप ठेवताना मला संकोच होतो. त्यांनी आम्हांस जे दिले त्यात संगीताचे प्रेम हे मोठे धन होते, आणि दादासुद्धा अखेरपर्यंत नभोवाणीवरील गाणे डोळे मिटून ऐकत. त्यांनी वडिलांविषयी कधी तक्रार केली नाही. एकदाच, पुष्कळ वर्षांपूर्वी, गणपतीच्या दिवसांत मी खिडकी लावू लागलो असता ते म्हणाले होते, "राहू दे रे उघडी. तो पोरगा बरा वाजवतोय." त्या वेळी मी ते बोलणे मनावर घेतले नाही.

ट्रंकेतून निघालेले ते वाद्य मी दुरुस्तीस दिले. नव्या तारा चढविल्या, कळा साफ झाल्या. एका कळेची कमान गेली आहे, ती बसत नाही, तेवढा सूर मुका राहतो. आमच्या गल्लीतील एक तरुण वाळूजच्या कारखान्यात पाळीने काम करतो व सणांत बँजो पार्टीत वाजवितो. त्याच्या पार्टीविरुद्ध पूर्वी मी लेखी तक्रार केली होती आणि ते त्यास ठाऊक आहे. त्यास मी घरी बोलाविले. "काका, हे जुन्या बनावटीचं आहे, आता असं लाकूड मिळत नाही," असे म्हणून त्याने तारा जुळविल्या आणि विजेशिवाय, मांडीवर घेऊन, एक संथ चाल वाजविली. मुक्या कळेपाशी येताच तो दर वेळी शेजारच्या सुराने वळसा घेऊन पुढे जाई. मींड त्यात नव्हती. वडील असते तर त्यांनी ते ओळखले असते. मी खिडकी उघडली व त्यास पुन्हा वाजविण्यास सांगितले.